एका नोंदीच्या किती प्रती?

२०२३ च्या ऑगस्टपर्यंत अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातलं गाव जालना जिल्ह्याबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषण सुरू केलं. १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव देशभर गेलं. त्यानंतरच्या काही आठवड्यांत आंदोलनाचा मोठा भार जुन्या कागदांवर येऊन पडला. निजाम राजवटीतल्या आणि त्यानंतरच्या दप्तरांत ज्यांच्या पूर्वजांची नोंद ‘कुणबी’ म्हणून सापडेल, त्यांना प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. ७ सप्टेंबरला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले बस्ते सुटू लागले.

काय काय शोधलं गेलं याची यादी वाचली तरी एका प्रदेशाची स्मृती कुठे कुठे विखुरलेली असते ते कळतं. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळांची रजिस्टरं, अगदी कारागृहांचे आणि पोलिसांचे अभिलेखसुद्धा. काही कागद मोडीत होते, काही उर्दूत. ते वाचणारी माणसं शोधावी लागली. समिती हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत गेली. ऑक्टोबरअखेर पहिला अहवाल आला, तेव्हा सुमारे १ कोटी ७३ लाख नोंदी तपासून झाल्या होत्या आणि त्यांत कुणबी म्हणून ११,५३० नोंदी सापडल्या होत्या.

आरक्षणाच्या वादात हा लेख जाणार नाही. मला त्या शोधातून उभा राहिलेला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एखादी नोंद टिकावी म्हणून ती किती ठिकाणी ठेवायची, कशी वाटायची आणि त्यासाठी किती जागा आणि किती वेळ खर्चायचा? कागदाच्या काळात हा प्रश्न सवयीने आणि अनुभवाने सोडवला जायचा. १९८८ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी त्याचं गणित मांडलं. आज आपला सातबारा, बँकेचं खातं, दवाखान्यातला रिपोर्ट त्या गणितावर उभे आहेत. त्या गणिताची ही गोष्ट, आणि ते कुठे थांबतं त्याचीही.

दप्तराची व्यवस्था

जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. गावची वही पटवाऱ्याकडे असायची आणि तिच्या आधारे तयार होणारे तक्ते तहसिलीत जायचे. म्हणजे एका माहितीची दोन रूपं, दोन जागी. पटवाऱ्याच्या घरात वाळवी लागली, छप्पर गळलं, तरी तहसिलीतल्या कागदावरून बरंच काही पुन्हा उभं करता यायचं. या व्यवस्थेचं बळ दोन जागांमध्ये होतं. दुबळेपणही तिथेच होतं: एक प्रत बदलली आणि दुसरी बदलायची राहून गेली, की खरं कोणतं यावर भांडणं सुरू.

त्यात सीमा हलत राहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले तालुके काढून जालना स्वतंत्र जिल्हा झाला. परतूर तालुका परभणीतून आला. सत्ता बदलली की दप्तर वाटलं जातं, काही पुढे जातं, काही मागेच राहतं. म्हणून जालन्यातल्या माणसाच्या आजोबांची नोंद कधी जिल्ह्यात, कधी संभाजीनगरला, कधी परभणीला, तर कधी थेट हैदराबादला शोधावी लागते.

मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला त्याच वर्षी, सप्टेंबर १९५६ मध्ये, आयबीएम या अमेरिकी कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचं यंत्र जाहीर केलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत होत्या. वजन एक टनाच्या आसपास आणि साठवण फक्त पन्नास लाख अक्षरांची. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यात मावणार नाही. तरीही ते मोठं पाऊल होतं. टेपवरची नोंद हवी असेल तर सुरुवातीपासून टेप फिरवत यावं लागे, तबकडीवर हव्या त्या जागी थेट पोहोचता येऊ लागलं. हार्ड डिस्कचा जन्म तो.

पुढची तीस वर्षं मोठ्या कार्यालयांनी एकच वाट धरली. माहिती वाढली की आणखी मोठी, आणखी महाग डिस्क घ्यायची. १९८० च्या दशकात आयबीएमच्या ३३८० मालिकेतली साडेसात जीबीची डिस्क म्हणजे कपाटाएवढं धूड होतं आणि ती साडेसहा हजार वॅटच्या आसपास वीज खायची. दुसरीकडे १९८० पासून घरगुती संगणकांसाठी छोट्या डिस्क निघाल्या होत्या. कॉनर कंपनीची १०० एमबीची डिस्क तळहातावर मावायची आणि दहा वॅटवर चालायची. स्वस्त, बारीक आणि बाजारात सहज मिळणारी.

१९८८: बर्कली आणि वर्धा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विभागात डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ हे प्राध्यापक आणि गार्थ गिब्सन हा त्यांचा संशोधक विद्यार्थी या दोन आकड्यांकडे पाहत होते. एका धुडाऐवजी शंभर छोट्या डिस्क एकत्र लावल्या तर? जागा वाढेल, वीज वाचेल आणि शंभर हात एकाच वेळी काम करत असल्यामुळे वेगही मिळेल. जून १९८८ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत त्यांनी निबंध वाचला. त्यात या मांडणीला त्यांनी ‘रेड’ हे नाव दिलं. स्वस्त डिस्कचा, जादा प्रती राखणारा संच, असा त्या आद्याक्षरांचा अर्थ. पुढे विक्रेत्यांनी ‘स्वस्त’ हा शब्द काढून ‘स्वतंत्र’ असा शब्द त्या जागी बसवला.

निबंधाची खरी ताकद त्याच्या प्रामाणिक हिशेबात होती. त्या काळी एक डिस्क सरासरी ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून जास्त चालेल असं उत्पादक सांगत. शंभर डिस्क एकत्र लावल्या तर त्यांतली कोणतीतरी एक बिघडायला सरासरी ३०० तास लागणार, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. हजार लावल्या तर ३० तास. शंभर बैलांच्या तांड्यात रोज एखादा तरी लंगडणारच. तांडा चालवायचा असेल तर लंगडणाऱ्या बैलाची सोय आधीच करून ठेवावी लागते. म्हणून जादा प्रत हा या योजनेचा प्राण होता.

ही कल्पना शून्यातून आली नव्हती. टँडम कंपनी १९७० च्या दशकापासून बँकांच्या संगणकांत प्रत्येक डिस्कला जोडीदार देत होती. आयबीएममधले नॉर्मन केन औची यांना हरवलेली माहिती उरलेल्या डिस्कवरून परत मिळवण्याच्या पद्धतीसाठी १९७८ मध्ये पेटंट मिळालं होतं. बर्कलीच्या तिघांनी या विखुरलेल्या युक्त्या एका ओळीत मांडल्या, प्रत्येकीची किंमत आणि फायदा शेजारी शेजारी लिहिला आणि त्यांना क्रमांक दिले. त्यामुळे खरेदी करणाऱ्याला तुलना करता येऊ लागली.

त्याच सुमारास, १९८८-८९ मध्ये, भारत सरकारने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. बर्कली आणि वर्धा यांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. पण एकीकडे माहिती टिकवण्याचं गणित तयार होत होतं आणि दुसरीकडे त्याच गणिताच्या आधारावर जाणारी कोट्यवधी लोकांची माहिती.

बेरजेची युक्ती

आता या मांडण्या एकेक करून पाहू. सगळ्यांच्या मुळाशी पाचवीतल्या मुलालाही कळेल असा हिशेब आहे.

सगळ्यात साधी मांडणी पहिल्या क्रमांकाची. प्रत्येक डिस्कला एक जुळी डिस्क, जे एकीवर लिहिलं तेच त्याच क्षणी दुसरीवर. आरशातलं प्रतिबिंब. एक गेली तर दुसरी जशीच्या तशी हजर. वाचायला दोन हात मिळतात म्हणून वाचन जलद. दुरुस्ती सोपी, नवी डिस्क घालायची आणि जोडीदारावरून उतरून घ्यायचं. उणीव एकच पण मोठी: आठ डिस्कचे पैसे द्यायचे आणि चार डिस्कची जागा मिळवायची.

हा खर्च वाचवण्यासाठी बेरजेची युक्ती आली. समजा भोकरदन, अंबड आणि परतूर या तीन तालुक्यांचे तीन आकडे आहेत: ४, ७ आणि २. तिन्ही आकडे तीन कागदांवर लिहिले आणि चौथ्या कागदावर त्यांची बेरीज, १३. अंबडचा कागद हरवला. काळजी नाही, १३ मधून ४ आणि २ वजा केले की ७ परत हातात. तीन कागदांना मिळून एकच जादा कागद लागला. जुळी प्रत ठेवली असती तर तीन लागले असते. संगणक शून्य आणि एक या दोनच आकड्यांत काम करतो, म्हणून तिथे बेरजेऐवजी सम की विषम एवढंच लिहिलं तरी पुरतं. त्याला पॅरिटी म्हणतात. कल्पना हीच.

दुसऱ्या क्रमांकाची मांडणी बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० सालच्या चूक शोधणाऱ्या संकेतावर आधारलेली होती. दहा डिस्कसाठी चार तपासणीच्या डिस्क लागत. पण डिस्कमधली यंत्रणा स्वतःच ‘मी बिघडले’ असं सांगते, मग कोण बिघडलं हे शोधण्यासाठी चार डिस्क कशाला? तिसऱ्या मांडणीने ते ओळखलं आणि एकाच बेरजेच्या डिस्कवर भागवलं. मात्र तिच्यात माहिती इतकी बारीक वाटलेली असे, की एक छोटी नोंद वाचायलाही सगळ्या डिस्क एकदम हलवाव्या लागत. मोठाल्या फायली सलग वाचायला ती उत्तम, पण तलाठ्यासारखी हजार छोट्या नोंदींची कामं तिच्यावर रेंगाळत. चौथीने माहितीचे मोठे तुकडे केले, त्यामुळे वाचन सुटसुटीत झालं. पण सगळ्या बेरजा एकाच डिस्कवर असल्याने प्रत्येक लेखनाला तिच्या दारात रांग लावावी लागे. दहा गावांचे तलाठी आणि बेरीज मांडणारा कारकून एकच.

पाचव्या मांडणीने त्या कारकुनाचं काम सगळ्यांत वाटून टाकलं. पहिल्या ओळीची बेरीज एका डिस्कवर, दुसऱ्या ओळीची दुसरीवर, असं फिरत फिरत. रांग मोडली. आठ डिस्कमधल्या सात डिस्कची जागा वापरायला मिळते, वाचन जलद आणि एक डिस्क गेली तरी काम चालू. १९९० च्या दशकात जगभरातल्या कार्यालयांनी हीच मांडणी डोक्यावर घेतली, याचं नवल नाही. नंतर एक ‘शून्य’ क्रमांकही रूढ झाला. त्यात माहिती फक्त वाटायची, जादा प्रत शून्य. आठही डिस्कची जागा आणि सर्वांत जास्त वेग, पण आठांतली कोणतीही एक गेली की सगळंच गेलं. तात्पुरत्या कामापलीकडे तिथे काही ठेवू नये.

हे सगळं कागदावरच राहिलं नाही. बर्कलीत २८ छोट्या डिस्क जोडून नमुना उभा केला गेला. १९९० मध्ये ईएमसी कंपनीने छोट्या डिस्कच्या संचांवर आधारलेलं ‘सिमेट्रिक्स’ बाजारात आणलं आणि काही वर्षांतच मोठ्या धुडांचा काळ संपला.

वीज जाते तेव्हा

पाचव्या मांडणीची किंमत लिहिताना मोजावी लागते. वरच्याच उदाहरणात अंबडचा आकडा ७ वरून ९ करायचा आहे. नुसतं ९ लिहून भागत नाही. आधी जुना ७ वाचायचा, जुनी बेरीज १३ वाचायची, मग ९ लिहायचा आणि नवी बेरीज १५ लिहायची. एका बदलासाठी चार फेऱ्या. जुळ्या डिस्कवर हेच काम दोन लेखनांत होतं. जिथे दिवसभर छोटे छोटे बदल होतात, तिथे हा फरक जाणवतो.

याहून घातक गोष्ट त्या चार फेऱ्यांच्या मध्ये लपलेली आहे. ९ लिहून झाला आणि बेरीज लिहिण्याआधी वीज गेली. वीज परत आली, सगळं सुरळीत दिसतंय, कोणाला काही पत्ता नाही. बेरीज मात्र अजून १३ आहे. सहा महिन्यांनी भोकरदनची डिस्क बिघडते. यंत्र विश्वासाने हिशेब करतं: १३ वजा ९, वजा २, बरोबर २. भोकरदनचा खरा आकडा ४ होता. ज्याच्या नोंदीला कोणी हातही लावला नव्हता, त्याची नोंद बिघडली. या फटीला अभियंते ‘राइट होल’ म्हणतात. ती बुजवण्यासाठी बॅटरीवर जपलेली स्मृती असलेले महागडे कंट्रोलर आले, यूपीएस आले. ज्यांनी २००० च्या दशकातलं ग्रामीण महाराष्ट्रातलं दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन पाहिलं आहे, त्यांना ही फट किती खरी आहे ते वेगळं सांगायला नको. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत तापणारी यंत्रं आणि विजेचा लपंडाव हे तर इथल्या कचेऱ्यांचं रोजचं वास्तव होतं.

मोठ्या डिस्क, लांब रात्री

काळ पुढे गेला तसं पाचव्या मांडणीचं दुसरं दुखणं बाहेर आलं. डिस्कची साठवण हजारो पटींनी वाढली, पण वाचण्याचा वेग त्या मानाने फारच थोडा वाढला. दहा टीबीची डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या वेगाने सलग भरली तरी साडेअठरा तास लागतात. त्यात कार्यालयाचं रोजचं काम चालू असेल तर कितीतरी जास्त.

सर्व्हर रूममधलं ते दृश्य ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्या तासांची लांबी ठाऊक आहे. ओळीने लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांत एक दिवा पिवळा होतो. माणूस खटका दाबून त्या कप्प्यातली डिस्क ओढून काढतो, नवी सरकवतो आणि यंत्र चालू असतानाच ती भरायला लागते. आता उरलेल्या सातही डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचल्या जाणार. एरवी निवांत असलेल्या डिस्कवर अचानक सर्वांत जड काम येतं. त्या बहुतेक वेळा एकाच वेळी खरेदी केलेल्या, एकाच वयाच्या आणि एकाच उष्णतेत राबलेल्या असतात. याच काळात दुसरी गेली तर? भोकरदन आणि अंबड दोन्ही कागद हरवले. १३ वजा २, उरले ११. त्यातले ४ कोणाचे आणि ७ कोणाचे, हे जगातला कोणताही हिशेब सांगू शकत नाही.

२००७ मध्ये बियांका श्रोडर आणि तेच गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या दाव्यानुसार वर्षाला शंभरातली एखादीही डिस्क बदलावी लागायला नको होती. प्रत्यक्षात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तेरापर्यंत. शिवाय बिघाड एकटे येत नव्हते, एकापाठोपाठ येत होते. रेडचा पाया घालणाऱ्या माणसानेच आपल्या पायातलं गृहीतक तपासून पाहिलं आणि ते कच्चं निघालं, हे त्याने जाहीरपणे मांडलं. विज्ञानातला हा प्रामाणिकपणा मला त्या मूळ निबंधाइतकाच मोलाचा वाटतो.

उत्तर म्हणून सहावी मांडणी पुढे आली. तिच्यात दोन वेगवेगळे हिशेब ठेवतात. पहिला साध्या बेरजेचा, १३. दुसरा वजन देऊन: भोकरदनची एक पट, अंबडची दुप्पट, परतूरची तिप्पट. ४ आणि १४ आणि ६ मिळून २४. आता भोकरदन आणि अंबड दोन्ही हरवले तरी पहिला हिशेब सांगतो की दोघांची बेरीज ११ आहे आणि दुसरा सांगतो की एकाची एक पट आणि दुसऱ्याची दुप्पट मिळून १८ आहेत. १८ मधून ११ गेले, अंबडचे ७, भोकरदनचे ४. शाळेतली दोन समीकरणं. आठांपैकी सहा डिस्कची जागा मिळते आणि कोणत्याही दोन गेल्या तरी नोंद शाबूत राहते. किंमत लिहिण्यात: प्रत्येक छोट्या बदलाला चारऐवजी सहा फेऱ्या.

ज्यांना वेगही हवा होता त्यांनी जुळ्यांचा मार्ग पुन्हा धरला, जुळ्या जोड्या करायच्या आणि माहिती जोड्यांमध्ये वाटायची. त्याला ‘दहा’ म्हणतात. जागा निम्मीच, पण लेखन चपळ आणि दुरुस्तीला फक्त एकाच जोडीदाराला वाचायचं. आठांतली एक गेल्यावर उरलेल्या सातांतली नेमकी तिची जोडीदार गेली तरच घात होतो. म्हणून सतत लिहिल्या जाणाऱ्या व्यवहारांसाठी दहा, क्वचित बदलणाऱ्या मोठ्या साठ्यासाठी सहा आणि लहान डिस्कच्या हलक्या कामापुरती पाच, अशी समजूत जाणकारांत रुळली. सगळ्या बाजूंनी श्रेष्ठ अशी मांडणी एकही नाही. जागा, वेग आणि सुरक्षितता या तिघांत कशाला हात आखडता घ्यायचा, हे कामाचं स्वरूप पाहूनच ठरवावं लागतं.

आग एकाच ठिकाणी लागते

२१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथा, पाचवा आणि सहावा मजला जळाला, माणसांचे प्राण गेले आणि हजारो फायलींची राख झाली. जालन्यातून पाठवलेला प्रस्ताव असो की कोल्हापुरातून, ज्याची प्रत दुसरीकडे नव्हती तो गेला. त्यानंतर राज्यात कागद स्कॅन करण्याला आणि फायली संगणकावर चालवण्याला जोर आला.

जमिनीच्या नोंदींचं काम त्याआधीपासून चालू होतं. तालुक्याच्या ठिकाणी सातबारा टंकित होत होते. २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरणाची योजना आणली आणि पुढे ई-फेरफारची प्रणाली आली. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आता जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीतला शेतकरी तलाठ्याची वाट न पाहता मोबाइलवरून उतारा काढू शकतो. हा बदल लहान नाही. जी नोंद एका गावच्या बस्त्यात होती, ती एका मध्यवर्ती साठ्यात आली. सोय वाढली आणि त्याबरोबर सगळं एका ठिकाणी असण्याची जोखीमही.

ती जोखीम किती मोठी असू शकते, ते २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियाने पाहिलं. देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली जिथे साठवल्या जात, तो ८५८ टीबीचा साठा जळून गेला आणि त्याची दुसऱ्या जागी प्रत नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशात हे घडलं. आतली मांडणी पाचवी असो, सहावी असो की दहावी, त्या सगळ्या डिस्क एकाच खोलीत होत्या. पटवाऱ्याच्या घरी एक आणि तहसिलीत एक, ही निजामकालीन व्यवस्था या एका बाबतीत त्या अत्याधुनिक इमारतीपेक्षा शहाणी होती.

डिस्कचा संच डिस्कच्या मरणापासून वाचवतो. आगीपासून नाही, पुरापासून नाही आणि माणसाच्या चुकीपासून तर मुळीच नाही. कोणी चुकून नोंद पुसली, तर जुळ्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. चुकीचा फेरफार मंजूर झाला, तर बेरीजही निष्ठेने त्या चुकीचीच मांडली जाते. त्यासाठी वेगळ्या गावी ठेवलेली आणि कालची, गेल्या महिन्याची, गेल्या वर्षीची अशी जुन्या तारखांची प्रत लागते. तिलाच बॅकअप म्हणायचं. संच म्हणजे बॅकअप या एका गैरसमजाने जितकी माहिती गमावली गेली असेल, तितकी डिस्क बिघडल्यानेही गेली नसावी, असं मला मनापासून वाटतं.

चावडीवरचं वाचन

शेवटी उरते ती वाचनाची गोष्ट. चांगल्या संचात एक काम ठरावीक दिवसांनी आपोआप चालतं. यंत्र रात्री सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचतं, बेरजा पडताळतं आणि कुठे गुपचूप बिघाड झाला असेल तर वेळीच दुरुस्त करतं. त्याला ‘स्क्रबिंग’ म्हणतात. जी जागा वर्षानुवर्षं वाचलीच गेली नाही, ती बिघडली आहे हे नेमकं गरजेच्या वेळी कळतं. म्हणून न वाचलेली प्रत ही अर्धीच प्रत.

महाराष्ट्राने हेच काम २०१७ मध्ये गावोगाव केलं आणि त्यासाठी आपलाच जुना शब्द वापरला: चावडी वाचन. हस्तलिखित सातबारा आणि संगणकावरचा सातबारा जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी तलाठ्यांनी गावासमोर नोंदी वाचून दाखवल्या. कुठे क्षेत्र चुकलं होतं, कुठे नाव, कुठे वारस राहून गेला होता. लोकांनी हरकती घेतल्या, दुरुस्त्या झाल्या. डिस्कचं यंत्र एवढंच तपासू शकतं की जे लिहिलं होतं तेच अजून आहे का. जे लिहिलं ते खरं आहे का, हे फक्त ती जमीन कसणाऱ्यालाच सांगता येतं.

अंतरवाली सराटीनंतर मराठवाड्यात जे घडलं, ते एका अर्थाने पंच्याहत्तर वर्षं लांबलेलं चावडी वाचन होतं. बस्ते सुटले, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं बसली आणि धुळीतल्या अक्षरांना पुन्हा अर्थ आला. पुढच्या पंच्याहत्तर वर्षांनी जालन्यातल्या एखाद्या नातीला आपल्या आजीचं नाव शोधावंसं वाटेल, तेव्हा ते कुठल्या डिस्कवर होतं याला महत्त्व नसेल. ती डिस्क केव्हाच मोडीत गेलेली असेल. महत्त्व याला असेल की प्रत्येक पिढीने ती नोंद नव्या जागी उतरवली का, दुसऱ्या गावी एक ठेवली का आणि उतरवल्यावर ती चावडीवर मोठ्याने वाचली का. गर्दीतून एखादा म्हातारा उठून म्हणतो, ‘माझ्या गटात विहीर आहे, ती लागलीच नाही’, आणि तलाठी खाली मान घालून ती लिहून घेतो. नोंद टिकते ती तिथे.